मिलचे दोन अपवाद आणि आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) आणि जॉन स्टुअर्ट मिल (1806–1873) यांचा संबंध मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा एका वाक्यात उरकला जातो: आगरकरांवर मिल व स्पेन्सर यांचा प्रभाव होता. विधान खरे आहे. परंतु प्रभाव कशाचा आणि त्याची मर्यादा कोठे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मिलच्या ज्ञानविचारापासूनच आरंभ करावा लागतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लॉकने जन्मजात कल्पनांचे अस्तित्व नाकारून मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली. मिलने 1843 च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात तोच विचार टोकाला नेला. गणिताचे सिद्धान्तसुद्धा त्याच्या मते अनुभवावरून केलेली सामान्य विधानेच होत. तथापि चार्वाकाप्रमाणे तो केवळ प्रत्यक्षाशी थांबत नाही. अनुमान त्याला मान्य आहे, मात्र त्याचा आधार पुन्हा अनुभवच असला पाहिजे. शब्दप्रामाण्याला येथे थारा नाही. ‘अनुभव’ हा मराठी शब्द या ठिकाणी थोडा फसवा आहे. संतवाङ्मयातला अनुभव ज्याचा त्याला येतो. मिलला अभिप्रेत असलेला अनुभव कोणालाही पडताळून पाहता येण्याजोगा असतो.

असे ज्ञान नेहमीच प्रमादशील असणार, पुढच्या अनुभवाने दुरुस्त होणार. म्हणून एखादे मत दडपणारा माणूस स्वतःकडे सर्वज्ञता घेतो, असे मिल 1859 च्या स्वातंत्र्यविषयक निबंधात दाखवितो. विचारस्वातंत्र्य ही राज्यकर्त्यांची मेहेरबानी नव्हे, ते ज्ञानाचे साधन होय. इतरांना अपाय होत असेल तेवढ्यापुरताच शासनाला व्यक्तीच्या वर्तनात हात घालण्याचा अधिकार. आणि हा जुलूम राजाइतकाच रूढीही करू शकते. ‘गुलामांचे राष्ट्र’ हे निबंधाचे शीर्षक योजणाऱ्या आगरकरांना मिल येथेच सर्वांत जवळचा वाटला असावा. ‘सुधारक’ पत्र आणि ‘वाक्यमीमांसा’ हा व्याकरणग्रंथ दोन्ही 1888 सालचे, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. वाक्य असो वा रूढी, तिचे अवयव सुटे करून पाहण्याची सवय एकच.

खरी कसोटी 1891 साली लागली. त्या वर्षीच्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. परकीय सरकारने समाजाच्या धर्माचारात कायद्याने ढवळाढवळ करू नये, ही टिळकांची भूमिका. आगरकर कायद्याच्या बाजूचे. व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता सरकारी हस्तक्षेपाला पाठिंबा देतो ही विसंगती नव्हे काय, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. उत्तर मिलच्या त्याच निबंधाच्या पहिल्या प्रकरणात आहे. आपला नियम अज्ञान मुलांना लागू नाही, असा पहिला अपवाद तो तेथे करतो. अकरा वर्षांच्या मुलीची संमती ही संमतीच नव्हे. तिच्या बाबतीत कायदा कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेत नाही, दुसऱ्याने केलेल्या अपायापासून तिचे रक्षण करतो. या दृष्टीने आगरकरांची बाजू मिलच्या चौकटीत पूर्णपणे बसते.

अडचण पुढच्याच ओळींची आहे. मुलांच्या जोडीला मिल ‘मागासलेले’ समाजही नियमाबाहेर ठेवतो. सुधारणेसाठी असेल तर अशा लोकांवर एकतंत्री राज्य न्याय्यच, आणि अकबरासारखा राज्यकर्ता लाभला तर त्यांनी आज्ञा पाळावी, असे तो लिहितो. हे केवळ तत्त्वज्ञाचे मत नव्हते. 1823 ते 1858 अशी पस्तीस वर्षे मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता, आणि देशी संस्थानांसंबंधीचे खलिते तयार करणे हे त्याच्या कामापैकी प्रमुख काम होते. तेव्हाचे औरंगाबाद निजामाच्या अशाच एका संस्थानात होते.

हा दुसरा अपवाद मान्य केला असता तर 1891 चा वाद आगरकरांना फार सोपा गेला असता: सरकार सुधारलेले, प्रजा मागासलेली, प्रश्न मिटला. परंतु मग राजकीय हक्कांची मागणी सोडावी लागली असती, आणि ती त्यांनी कधीच सोडली नाही. कोल्हापूर संस्थानच्या कारभारावर लिहिल्याबद्दल 1882 मध्ये टिळकांबरोबर त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढले होते.