लांडगा हटला, कायोटी पसरला

एप्रिल २००७ मध्ये शिकागोच्या ऐन मध्यवस्तीत एक कायोटी उघड्या दारातून सँडविचच्या दुकानात शिरला आणि शीतपेयांच्या फ्रिजमध्ये जाऊन पडून राहिला. लोक फोटो काढत होते; प्राणी पकडणारं पथक येईपर्यंत तो जागचा हलला नाही.

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला श्वानकुळातला प्राणी. आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून बराच लहान. वजन साधारण ९ ते २० किलो. खंडाच्या मध्य आणि पश्चिम भागातली गवताळ मैदानं आणि थेट मेक्सिकोपर्यंतची वाळवंटं हे त्याचं मूळ घर. पूर्वेकडच्या जंगलांत लांडग्यांचं राज्य होतं. तिथे त्याची डाळ शिजत नव्हती.

मग माणसाने जंगलं तोडून शेती केली आणि गुरांसाठी लांडगे वेचून मारले. कायोटीला वाट मोकळी झाली. बंदुका, सापळे, विष त्याच्याही वाट्याला आलं, तरी तो पसरतच गेला. उत्तरेला त्याने अलास्का गाठलं. १९८०च्या दशकात गोठलेल्या समुद्रावरून तो न्यूफाउंडलंड बेटावर पोहोचला. दक्षिणेला तर पनामा कालवा ओलांडून तो दारिएनच्या जंगलापर्यंत गेला आहे; पुढे दक्षिण अमेरिकाच. आज हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात कायोटी आहे. पूर्वेकडे सरकताना लांडग्यांशी आणि कुत्र्यांशी त्याचा संकर झाला, म्हणून तिकडचे कायोटी अंगाने थोराड असतात.

लांडग्याचा वचक केवढा होता, ते यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात दिसलं. १९९५ साली तिथे लांडगे पुन्हा सोडले आणि काही वर्षांतच लामार खोऱ्यातले कायोटी निम्म्यावर आले.

शहरात मात्र लांडगा नाही. जीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली गेर्ट २००० सालापासून शिकागो परिसरातल्या कायोटींना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग काढत आहेत. उद्यानं, स्मशानभूमी, गोल्फची मैदानं, रेल्वेमार्गाकडेची झुडपं हे तिथले त्यांचे अड्डे. सोल्जर फील्ड स्टेडियमच्या पार्किंगमध्येही एका मादीने पिल्लं वाढवली. दिवसा दडून राहायचं आणि रहदारी ओसरल्यावर रात्री बाहेर पडायचं, हा त्यांचा शिरस्ता. खाणं मुख्यतः उंदीर-घुशींसारखे कुरतडणारे प्राणी, ससे, हरणांची पाडसं आणि फळं. शहरातल्या पिल्लांचं जगण्याचं प्रमाण खेड्यातल्या पिल्लांपेक्षा जास्त आढळलं. शहरी कायोटीचा सर्वांत मोठा काळ म्हणजे मोटारगाडी.

एका कायोटीला पकडून नेलं, तर त्याची हद्द लवकरच दुसरा बळकावतो. त्यामुळे त्याला हुसकावण्यापेक्षा माणसाने आपल्या सवयी बदलणं जास्त उपयोगी पडतं. अंगणात कुत्र्या-मांजरांचं खाणं उघड्यावर ठेवायचं नाही, कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावायचं आणि दया आली तरी कायोटीला हाताने खाऊ घालायचं नाही. माणसांवर धावून जाणाऱ्या कायोटींपैकी अनेकांना आधी कुणीतरी खायला घालून धीट केलेलं असतं.