दोन युद्धांमधली तीन वर्षे

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे नाव घेताना लोक त्यापुढे ‘मिलिटरी’ जोडतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान धारातीर्थी पडले. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. सैनिक पुरवणाऱ्या याच मुलखाने १९६२च्या चीनविरुद्धच्या पराभवानंतर देशाला संरक्षणमंत्रीही दिला: यशवंतराव चव्हाण. त्यांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे गावी झाला. हे गाव तेव्हा साताऱ्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. कराड ही त्यांची कर्मभूमी.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे चव्हाणांबद्दलचे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण धावून गेल्यावर सह्याद्रीने नेमके काय केले? महासत्ता होऊ पाहणाऱ्या आजच्या भारतापुढच्या अनेक प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात.

चव्हाण दिल्लीत पोचले त्याच सुमारास, २१ नोव्हेंबर १९६२ला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. तोफा थांबल्या, पण लष्कराचा आत्मविश्वास खचला होता. सेनाधिकारी आणि मंत्रालय यांच्यातला विश्वास आधीच उडाला होता. चव्हाणांनी तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्याशी रोज सकाळी चर्चा करण्याचा पायंडा पाडला. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी पराभवाची चौकशी केली. तिच्या आधारे सप्टेंबर १९६३मध्ये चव्हाणांनी संसदेत निवेदन केले. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व यांतल्या उणिवा त्यांनी मान्य केल्या. मूळ अहवाल मात्र सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. पराभवाचा हिशेब जनतेपुढे उघडा मांडण्याचे धाडस आपल्याला अजून पुरते जमलेले नाही.

मग उभारणीचे काम सुरू झाले. पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे सैन्य, दहा पर्वतीय डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाईदल असे लक्ष्य ठरले. १९६१-६२ ते १९६३-६४ या काळात संरक्षणखर्च दुपटीहून अधिक झाला. तो पैसा गरीब देशाला उभा करावा लागला.

पण पैसा असला तरी शस्त्रे मिळतातच असे नाही. १९६४च्या मे महिन्यात चव्हाण अमेरिकेला गेले. भारताला हवी असलेली अत्याधुनिक लढाऊ विमाने अमेरिकेने दिली नाहीत. ते तिथे असतानाच नेहरूंचे निधन झाले आणि दौरा आटोपता घ्यावा लागला. पुढे त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. सोव्हिएत संघ मिग-२१ विमाने तर देणार होताच, शिवाय ती भारतात बांधायलाही साहाय्य करणार होता. नाशिकजवळच्या ओझरचा विमान कारखाना याच धोरणातून उभा राहिला.

कसोटीची घडी १ सप्टेंबर १९६५ला आली. पाकिस्तानी रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदल प्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे आले. हवाई हल्ल्याची परवानगी हवी होती. १९६२मध्ये लढाऊ विमाने वापरण्याचे धाडस दिल्लीला झाले नव्हते. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला. त्या संध्याकाळी आपण चार व्हॅम्पायर विमाने गमावली. ती जुनाट होती, पाकिस्तानच्या सेबर विमानांपुढे त्यांचा निभाव लागणे कठीण होते. निर्णय मिनिटांत घेता येतो, विमान उभे करायला वर्षे लागतात, हा धडा वैमानिकांनी प्राण देऊन शिकवला.

युद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि ब्रिटनने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा रोखला. चीनने सिक्कीम सीमेवरून धमकी दिली. आज आपण जिला दोन आघाड्यांची लढाई म्हणतो, तिची सावली तेव्हाच पडली होती.

चव्हाण पुढे परराष्ट्रमंत्री झाले. एप्रिल १९७६मध्ये चीनला पुन्हा राजदूत पाठवण्याचा निर्णय त्यांनीच लोकसभेत जाहीर केला. चीनशी झुंजण्यासाठी ज्यांनी सैन्य उभे केले, त्यांनीच वाटाघाटींचे दार उघडले. सामर्थ्य आणि संवाद यांत त्यांना विरोध दिसला नाही. जून २०२०मध्ये गलवानमध्ये २० जवानांनी प्राण दिले, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये सीमेवरील गस्तीबाबत चीनशी समझोता झाला. देशाला आजही हीच दुहेरी वाट चालावी लागते आहे.

ही वाट चालणारे सैनिक मात्र आता वेगळ्या अटींवर येतात: २०२२पासून सैन्यात भरती होणाऱ्या अग्निवीरांची सेवा चार वर्षांची आहे, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम होता येते. सातारा-सांगलीच्या गावांसाठी हा घराघरातला प्रश्न आहे. म्हणूनच इथल्या मतदारांनी आपल्या खासदारांना रोखठोक विचारावे: दारूगोळा किती आपला, किती आयात? हवाईदलाकडे स्क्वाड्रन पुरेशा आहेत का? चुकांचा हिशेब संसदेत मांडला जातो का? परतलेल्या अग्निवीराच्या हाताला काम आहे का? ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पोरे दिली, त्याचा हे विचारण्याचा हक्क सर्वांत मोठा आहे. आणि तो शांततेच्या वर्षांतच बजावायला हवा, कारण पुढच्या युद्धाचा निकाल त्याच वर्षांत ठरत असतो.