पहिली क्रूझ ठरवताना

मुंबईहून निघणारी 'एम्प्रेस' ही क्रूझ 2021 पासून कॉर्डेलिया कंपनी चालवते. जहाज 1990 मधले, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यातले. पहिल्या अनुभवासाठी मुंबई-गोवा अशी दोन-तीन रात्रींची सफर पुरेशी ठरते. बोट मानवते की नाही, ते तेवढ्यात कळतेच.

खरा घोळ होतो तो केबिन निवडताना. सगळ्यांत स्वस्त असते ती आतली, बिनखिडकीची. दिवा मालवला की तिथे मिट्ट काळोख. उजाडले की नाही, हे घड्याळच सांगणार. झोपण्यापुरतीच खोली हवी असेल तर हीच घ्यावी. ज्येष्ठांसाठी मात्र खिडकीचे जादा पैसे जरूर मोजावेत.

बोट लागण्याची भीती असेल, तर खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागावी. हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात. गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधी घ्यावी.

जाहिरातीतल्या दरात साधारणपणे राहणे आणि मुख्य जेवण धरलेले असते. बंदर-शुल्क, कर, मद्य, वायफाय आणि किनाऱ्यावरची भटकंती यांचा खर्च बहुधा वेगळा पडतो. म्हणून पैसे भरण्याआधी एकूण रक्कम लेखी मागून घ्या.