लेकरू गप्प झालं तर...

गोठ्यातल्या गाईने एक दिवस वैरण टाकली, तर तुम्ही लगेच ओळखता. तिच्या अंगावरून हात फिरवता, डॉक्टरांना बोलावता. मग नववीतली लेक जेवेनाशी झाली, शाळा नको म्हणू लागली, तर "कंटाळा आला असेल" म्हणून का सोडून देता?

भोर-वेल्ह्याचा मुलूख डोंगराचा. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे.) वाड्या विखुरलेल्या, हायस्कूल पुष्कळांना लांब. कुणी पायी जाते, कुणी एस.टी.ची वाट पाहते, कुणी वसतिगृहात राहते. आषाढात भातलावणी आली की शाळेला खाडा पडतो. अभ्यास मागे पडला की पोर शाळेला भिते. पण कारण दर वेळी एवढेच नसते. वाटेत कुणी छेड काढत असेल, वर्गात मार बसत असेल, घरात लग्नाची बोलणी चालू असतील.

शाळांमधून काम करणारे समाजकार्यकर्ते अशा वेळी आधी ऐकतात. मुलाशी निवांत बोलतात, मग घरी येतात, गुरुजींना भेटतात. दोष कुणाचा हे नंतर, आधी मूल सुरक्षित आहे ना, हे पाहतात. प्रत्येक शाळेला असा माणूस मिळत नाही. पण ही रीत आईला, आजीला, शाळेतल्या बाईंनाही जमेल.

कायदाही पाठीशी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरचा लैंगिक अत्याचार ठाऊक असून पोलिसांना न कळवणे, हाही गुन्हाच. अब्रूपायी गप्प बसू नका. शाळांसाठी २०२२ पासून सखी सावित्री समितीचा नियम आहे. आपल्या शाळेत ती आहे का, विचारा.

या भागात ज्ञान प्रबोधिनीच्या स्त्रीशक्तीच्या कामातून बायकांचे बचत गट उभे राहिले. गटात पैशाचा हिशेब झाला, की पाच मिनिटे मुलांच्या खाड्यांचाही हिशेब घ्या. कुणाची पोर आठवडाभर शाळेत दिसली नाही, तर दोघीजणी तिच्या घरी जा.

आणि एक आकडा पाठ करा : १०९८. संकटातल्या मुलांसाठीचा हा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला. आज तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे आणि मूल स्वतःही लावू शकते. शाळेच्या भिंतीवर तो लिहिलेला नसेल, तर उद्याच गुरुजींना सांगून लिहून घ्या.