जळणारा फ्यूज काय सांगतो?

घरातील दिवा गेला की आपण प्रथम फ्यूज पाहतो. मोटारीचा दिवा गेला तरी तेच करतो. परंतु नवा फ्यूज घालावा आणि तोही चार दिवसांत जळावा, असे झाले की आपला धीर सुटतो. मग कोणी जाड तार गुंडाळतो, तर कोणी सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद. आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या जुन्या मोटारीत हाच उपाय केला. फ्यूज जळेनासा झाला खरा. पण आठवड्याच्या आत डॅशबोर्डाखालून धूर येऊ लागला. बॅटरीची तार वेळीच काढली म्हणून मोटार वाचली.

फ्यूज जळणे हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. ताप उतरत नाही म्हणून कोणी थर्मामीटर फोडत नाही. मग रोग ओळखावा कसा?

मोटारीतील रचना घरातल्याहून थोडी निराळी असते. बॅटरीचे एक टोक गाडीच्या पोलादी सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे दिव्याकडे एकच तार जाते आणि परतीची वाट सांगाडा देतो. या सोयीतच धोका दडलेला आहे. तारेवरचे आवरण कोठेही घासून उघडे पडले आणि तांबे पत्र्याला टेकले, की प्रवाह दिव्यापर्यंत न जाता आडवाटेने परततो. वाटेत अडथळा जवळजवळ नसल्याने तो शेकडो अँपिअरपर्यंत चढू शकतो. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जूल याने 1841 मध्ये मांडला. तारेने पेट घेण्याआधी फ्यूजमधील बारीक धातू वितळावी, एवढ्यासाठीच तिची योजना असते.

आता थोडे गणित करू. स्नेह्यांचा जळत होता तो मागच्या दिव्यांचा फ्यूज, 10 अँपिअरचा. मागचे दोन दिवे व नंबरपाटीचा दिवा प्रत्येकी 5 वॅटचे, म्हणजे एकूण 15 वॅट. त्यास 12 व्होल्टने भागले तर सव्वा अँपिअर येतो. एवढ्याने 10 अँपिअरचा फ्यूज जळणे शक्यच नाही. तेव्हा दोष दिव्यांवरच्या भाराचा नसून प्रवाह आडवाटेने जात होता, हे बसल्याजागी कळले.

दुसरा प्रश्न असा, की फ्यूज जळतो केव्हा? बटण दाबताक्षणी जळला तर तार कायमची टेकलेली आहे. काही मिनिटांनी जळला तर भार जास्त आहे. वायपरची मोटर जड झालेली असते, किंवा त्याच फ्यूजवर कोणी नवे उपकरण जोडलेले असते. पावसातच जळला तर दिव्याच्या होल्डरात पाणी शिरत असावे. खड्ड्यात किंवा दार-डिकी उघडताना जळला तर हलणारी तार घासली आहे. काचेचा फ्यूजही बोलतो. काच आतून काळवंडली असेल तर प्रवाह एकदम उसळला. तार मधोमध शांतपणे तुटली असेल तर भार हळूहळू वाढला, असा बहुधा अर्थ होतो.

स्नेह्यांचा फ्यूज डिकी उघडली की जळत असे. आम्ही त्या जागी फ्यूजऐवजी 21 वॅटचा बल्ब जोडला. यातून पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊच शकत नाही, म्हणून तारेला धोका नाही. मग मागचे तिन्ही बल्ब काढून बटण चालू केले. आता प्रवाहाला वाट उरली नव्हती. तेव्हा आमचा बल्ब विझलेला राहावयास हवा. डिकी बंद असेतो तो तसाच राहिला. डिकी उघडताच लखकन पेटला. झाकणाकडे जाणारी तारांची जोडणी सोडवली. झाकण कितीही हलवले तरी बल्ब पेटेना. म्हणजे दोष त्या जोडणीच्या पलीकडे होता. बिजागरीपाशी पाहिले, तो नंबरपाटीच्या तारेचे आवरण बोटभर लांबीत झिजून तांबे चमकत होते.

यावर चिकटपट्टी हा तात्पुरता इलाज होय. बॅटरी सोडवून तेवढा तुकडा बदलावा, पत्र्याच्या भोकात रबरी कडे बसवावे आणि झाकण पुरते उघडता येईल एवढी तार सैल ठेवावी. शेवटी फ्यूज घालावा तो गाडीच्या पुस्तकात सांगितला असेल त्याच अँपिअरचा. त्याहून मोठा कधीही नाही. धुरात सापडलेल्या तारा तर पूर्ण बदलल्याच पाहिजेत.

त्या दुरुस्तीला दीड हात तार आणि एक दुपार लागली. चांदीच्या कागदाला काहीच खर्च आला नव्हता. पण त्याने मोटार जवळजवळ गेलीच होती. जो पहारेकरी पुनःपुन्हा हाक मारतो त्याचे तोंड बांधू नये. तो कशासाठी ओरडतो ते पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.