अरिष्टाचे संधान का अडते?

घट मुद्राबंद करून महिना लोटला तरी संधान लागत नाही, ही स्वतः अरिष्टे घालणाऱ्या वैद्यबंधूंची नेहमीची तक्रार होय. दोष थंडीवर किंवा धायटीच्या फुलांवर ठेवला जातो. प्रथम माप तपासावे.

शार्ङ्गधरोक्त सामान्य मानाने एक द्रोण द्रवास एक तुला गूळ व गुळाच्या निम्मा मध घ्यावयाचा. तुला म्हणजे ४.८ किलो. द्रोण १२.२८८ किलो, परंतु द्रवद्वैगुण्याने द्रव २४.५७६ लिटर होतो. हे द्वैगुण्य राहून गेल्यास द्रवात शर्करा सुमारे ३५ टक्के भरते व इतक्या गोडीत किण्व निपचित पडते. योग्य मानात ती सुमारे २० टक्के राहते. पिकल्या द्राक्षांच्या रसातही साधारण तितकीच असते! लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम शर्करेपासून १ टक्का मद्य होते. म्हणजे पूर्ण संधानात १२ टक्क्यांपर्यंत.

केवळ मधाचे संधान याहून मंद, कारण मधात किण्वाच्या पोषणास लागणारे नत्र अत्यल्प असते. पाश्चात्त्य देशांत हौसेने घरी मधाचे मद्य करणारे महिनोन्‌महिने थांबतात ते यामुळेच.

अडलेल्या घटात त्याच द्रव्यांचा निवविलेला क्वाथ घालून मान पुरे करावे. घटात धरलेली पेटती काडी विझत असेल तोवर गाळण्याची घाई नको. अर्धवट संधानाचे अरिष्ट बाटल्यांत भरल्यास उन्हाळ्यात औषधालयाच्या फडताळातच बुचे उडतात.