4,29,49,67,297 : पाच उदाहरणांनी दिलेला चकवा

2 चा 32 वा घात घेऊन त्यात 1 मिळवला की 4,29,49,67,297 ही संख्या येते. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने 1640 मध्ये ती मूळ संख्या असल्याचे मानले होते. पण 641 गुणिले 67,00,417 केले की नेमकी हीच संख्या मिळते.

फर्माने सिद्धता दिली आणि तीत चूक निघाली, असा समज आहे. वास्तविक आपल्याकडे पक्की सिद्धता नाही, असे त्याने तेव्हा स्वतःच लिहिले होते. 2 चे 1, 2, 4, 8, 16 असे दुपटीने वाढणारे घात घेऊन प्रत्येकात 1 मिळवला, की 3, 5, 17, 257 आणि 65,537 मिळतात. पाचही मूळ आहेत. सहाव्या पायरीवर, म्हणजे 32 व्या घाताला, नियम मोडला.

दुसरा समज असा, की 641 हा विभाजक निव्वळ चिकाटीने भागाकार करत गेल्यावर सापडला असणार. मूळ संख्यांनी ओळीने भागत गेले तर 641 चा क्रमांक 116 वा लागतो. गणिती गोल्डबाखने 1729 मध्ये पत्रातून हा प्रश्न गणिती ऑयलरपुढे ठेवला आणि 1732 मध्ये ऑयलरने 641 जाहीर केला. त्यामागचा विचार त्याने पुढे मांडला : या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला 64 ने भागले तर बाकी 1 उरलीच पाहिजे. मग तपासायला 193, 257, 449, 577 आणि 641 एवढेच उरतात. पाचव्या भागाकारात उत्तर!

भागाकार न करताही हे पटवता येते, आणि मला तीच वाट सर्वांत देखणी वाटते. 641 म्हणजे 5 × 128 अधिक 1. म्हणून 5 × 128 ला 641 ने भागल्यावर बाकी उणे 1 धरता येते. चौथा घात घेतला की ती 1 होते. तो चौथा घात म्हणजे 625 गुणिले 2 चा 28 वा घात. पण 641 म्हणजे 625 अधिक 16 सुद्धा आहे, म्हणून बाकीच्या हिशेबात 625 च्या जागी उणे 16 चालते. तसे केले की 2 च्या 32 व्या घाताची बाकी उणे 1 ठरते. त्यात 1 मिळवा, भाग निःशेष जातो.

संख्या मूळ आहे का हे तपासण्यासाठी फर्माच्याच प्रमेयावरून बेतलेली एक कसोटी आहे; तीत 2 हा पाया घेतला तर ही संख्या मूळ असल्यासारखी उत्तीर्ण होते. 3 घेतला की उघडी पडते. एका पायावर कसोटी उतरली म्हणजे संख्या मूळ, हे म्हणूनच खरे नाही.

या मालिकेत पुढे मूळ संख्या नाहीतच, असेही सर्रास सांगतात. आजवर सहावी सापडलेली नाही हे खरे, पण ती नाहीच हे सिद्ध झालेले नाही. गणिती गाउसच्या संशोधनामुळे या प्रश्नाचे भूमितीशीही नाते जुळले : विषम बाजूंचा सुसम बहुभुज कंपास-पट्टीने काढता येतो तो बाजूंची संख्या या मालिकेतली मूळ संख्या किंवा अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तेव्हाच. ज्ञात पाचांचा गुणाकार 4,29,49,67,295, आपल्या संख्येहून फक्त 2 ने कमी. इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ कंपास-पट्टीने काढणे तत्त्वतः शक्य आहे. विषम बाजूंचा याहून मोठा असा बहुभुज हवा असेल, तर सहावी मूळ संख्या सापडायला हवी.